पालीला जाऊन देवळासमोर फोटो सगळेच काढतात, पण गावाचा इतिहास फोटोत येतो का?

अष्टविनायकाच्या यात्रेत पालीला गाडी थांबते ती तास-दीड तास. दर्शनाची रांग, प्रसाद, मग देवळासमोर एक ग्रुप फोटो. मागे सरसगड आला तर उत्तम. तेवढ्यात ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आणि गाडी महडच्या रस्त्याला लागते. इन्स्टाग्रामवर बल्लाळेश्वर टाकून शोधलं, तर थोड्याफार फरकाने हीच फ्रेम पुन्हा पुन्हा समोर येते.

यात वाईट काहीच नाही. पण गंमत अशी, की आज पालीचे जितके फोटो निघतात तितके याआधी कधीच निघाले नव्हते, आणि तरीही गावाच्या इतिहासाची नोंद त्यातून फारशी वाढत नाही. घंटेवर काय कोरलंय, गडावरच्या वीरगळाची आज काय अवस्था आहे, डोंगरातल्या कोळसाभट्ट्या कुठे होत्या, हे त्या फोटोंत नसतं.

आता खिशात मोबाईल आहे आणि त्याचा कॅमेरा चांगला आहे. मग हेच फोटो इतिहासाच्या कामाला यावेत यासाठी नेमकं काय करावं लागतं? पालीच्याच उदाहरणावरून समजून घेऊ.

आधी पाली म्हणजे काय ते बघू

रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्याचं मुख्य ठिकाण म्हणजे पाली. मुंबई-गोवा महामार्गावरचा वाकण फाटा आणि खोपोली यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, अंबा नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. डोक्यावर सरसगड. लांबून पागोट्यासारखा दिसतो म्हणून त्याला पगडीचा किल्लाही म्हणतात. अखंड कातळात खोदलेल्या त्याच्या ९६ पायऱ्या चढताना भल्याभल्यांना धाप लागते.

हा सगळा भाग भोर संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि सुधागड तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आला.

पण या खोऱ्याला महत्त्व त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. कोकणातल्या चौल, नागोठणे अशा बंदरांवर उतरलेला माल घाटावर न्यायचा, तर सह्याद्री चढावा लागायचा. सवाष्णी घाट, वाघजाई घाट या वाटा इथूनच वर जातात. वाटा आल्या की व्यापारी आले, भिक्षू आले, सैन्यं आली. त्यामुळे बौद्ध लेणी, किल्ले, देवळं आणि स्मारकशिळा असं सगळं एकाच तालुक्यात सापडतं.

१६८१ साली औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर आणि छत्रपती संभाजी महाराज यांची भेट झाली, ती याच तालुक्यातल्या, सुधागडाच्या पायथ्याच्या पाच्छापूरला.

घंटा वाजवताना फोटो काढला, पण घंटेवरचं साल राहून गेलं

बल्लाळेश्वराचं देऊळ पूर्वी लाकडी होतं, पुढे पेशवाईत ते दगडात बांधलं गेलं. भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा अष्टविनायकांपैकी हा एकच गणपती. इथे एक मोठी युरोपीय घडणीची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर ती देवाला अर्पण केली, असं सांगितलं जातं.

या सांगण्याला मोठी पार्श्वभूमी आहे. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यातलीच समजली जाते, तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर १७०७ आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे.

आता बघा, या दोन सालांनी काय केलं. दोन्ही सालं १७३९ च्या आधीची आहेत. म्हणजे वसईच्या विजयातून घंटा आली, या गोष्टीशी ती जुळतात. घंटेवर १७६० असतं तर ती गोष्ट तिथेच कोसळली असती. ऐकीव गोष्ट खरी की खोटी हे तपासायला कोरलेल्या चार आकड्यांची मदत अशी होते.

म्हणून घंटेचा फोटो काढायचा तर तो वाजवणाऱ्याचा एक आणि घंटेचे चार काढावेत. चारही बाजूंनी एकेक. क्रूस असेल, अक्षरं असतील, साल असेल, तर त्याचा जवळून वेगळा. फ्लॅश मारला की धातू चमकतो आणि नेमकी अक्षरंच गायब होतात. फ्लॅश बंद ठेवून बाजूने येणारा उजेड घेतला, तर उठावाची अक्षरं सावलीमुळे सुटी दिसतात. गर्दीच्या वेळी हे जमत नाही. सकाळी लवकर किंवा दुपारी, देवस्थानच्या लोकांना विचारून काढलं तर कुणाची अडचण होत नाही. आणि गाभाऱ्यात मनाई असेल तर तिथे मोबाईल खिशात, यावर वाद नाही.

गावची सार्वजनिक कला म्हणजे फक्त रंगवलेल्या भिंती नाहीत

सार्वजनिक कला म्हटलं की आपल्याला उड्डाणपुलाखालची रंगीत चित्रं आठवतात. पण सगळ्यांनी बघावी म्हणून उघड्यावर उभारलेली कला आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे. तिचं नाव वीरगळ.

लढाईत किंवा गाईगुरं वाचवताना मेलेल्या वीराची ही दगडी आठवण. ती खालून वर वाचायची असते. सगळ्यात खालच्या चौकटीत पडलेला वीर किंवा ज्यांच्यासाठी तो लढला ती गुरं, त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर ती सतीशिळा.

सुधागडावर भोराई देवीच्या देवळाजवळ अशा स्मारकशिळा बऱ्याच आहेत. गडावर पंतसचिवांचा १७०५ सालचा वाडाही आहे. पण ट्रेकर्सच्या फोटोंत महादरवाजा हमखास येतो, वाडा कधीमधी येतो आणि शिळा आल्याच तर त्यांच्यावर बॅग ठेवलेली असते.

या दगडांचा प्रश्न असा आहे, की त्यांची झीज थांबत नाही. कोकणचा पाऊस वर्षाचे चार महिने त्यांच्यावर पडतो. काही ठिकाणी शेंदराचे थर चढतात, काही ठिकाणी उत्साहाच्या भरात ऑईलपेंट मारला जातो. देवळाचं नवं बांधकाम निघालं की असे दगड पायरीला लागतात, नाहीतर कुंपणात जातात. त्यात कुणाची दुष्ट बुद्धी नसते. दगड काय आहे हेच माहीत नसतं, एवढंच.

याच जिल्ह्यातलं अलिबागजवळच्या अक्षीचं उदाहरण बघा. मराठीतल्या सर्वात जुन्या शिलालेखांमध्ये जो गणला जातो, तो शिलालेख इथला. त्यावरचं साल शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं वाचलं जातं. इतका मोलाचा दगड कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. त्या रस्त्याने बीचवर जाणाऱ्या गाड्यांतल्या किती जणांनी थांबून त्याचा फोटो काढला असेल?

वीरगळाचा फोटो काढायची सोपी युक्ती म्हणजे तिरका उजेड. भरदुपारी ऊन समोरून पडलं की झिजलेला दगड सपाट दिसतो. तोच दगड सकाळी किंवा संध्याकाळी बघितला, तर घोड्याचे पाय आणि वीराची ढालही दिसायला लागते. ऊन नसेल तर मित्राला दगडाच्या एका बाजूला उभं करून मोबाईलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून मारायला सांगायचा. झिजलेले शिलालेख वाचायलाही अशाच बाजूच्या उजेडाचा उपयोग होतो.

काय करायचं नाही, तेही महत्त्वाचं आहे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, रांगोळी घासायची नाही. शेवाळ खरवडायचं नाही. शेंदूर असेल तर तो कुणाच्या तरी श्रद्धेचा भाग आहे, त्याला हात लावायचा नाही. जसा आहे तसा फोटो काढायचा.

एका फोटोने काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि त्याचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, म्हणजे भारतात फोटोग्राफी अगदी नवी होती तेव्हा. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढायच्या कामाला लावलं. चित्रकाराला एक देऊळ काढायला कितीतरी दिवस जायचे, कॅमेऱ्याने ते काम पटकन व्हायचं आणि बारकावाही सुटायचा नाही.

पालीजवळच्या ठाणाळे आणि खडसांबळे लेण्यांची गोष्टही त्याच काळातली. आसपासच्या गावकऱ्यांना ही लेणी माहीत होतीच. पण अभ्यासकांच्या जगात ती आली १८९० च्या सुमारास, अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांच्यामुळे. पुढे मराठी संतांची चरित्रं आणि काव्य इंग्रजीत नेणारे ॲबट ते हेच. त्यांच्यानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझन्स यांनी लेण्यांची पाहणी केली आणि १८९१ मध्ये तिचा अहवाल छापून आला. ठाणाळ्याला चैत्य, स्तूप आणि विहार मिळून २३ लेणी आहेत. खडसांबळ्याला दर्शनी भागाची बरीच पडझड झाली आहे.

आज तिथे जाऊन फोटो काढणाऱ्याकडे म्हणूनच तुलनेला काहीतरी आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लेणी कशी होती ते लिहून ठेवलेलं आहे. तेव्हा उभा असलेला खांब आज आहे का, भेग वाढली का, हे ताडून पाहता येतं. आजचा नीट काढलेला फोटो आणखी पन्नास वर्षांनी याच कामाला येईल.

आणि एकच प्रत ठेवली तर काय होतं, हे अजिंठ्याने शिकवलंय. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षं खपून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी ते काम पुन्हा केलं. त्यातल्याही बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या.

सुधागड तालुक्याला आगीपेक्षा पाण्याचं भय जास्त. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्याची काय दैना केली, ते आजही तिथे सांगितलं जातं. घर वाहून जातं तेव्हा घरातली फोटोंची पेटीही जाते.

आणि ज्याचं स्मारकच नाही, त्या कोळशाचं काय?

महाराष्ट्रात कोळसा म्हटलं की चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुसच्या खाणी आठवतात. पण सुधागडच्या डोंगरांनीही कोळसा दिला. तो होता लाकडाचा कोळसा आणि तो पाडणारे होते कातकरी.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलावर सरकारी बंधनं आल्यावर तो धंदा आटला. मग अनेक कुटुंबं कोळसाभट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर राबायला लागली. पावसाळा संपला की घर बंद करून बिऱ्हाड भट्टीवर न्यायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. व्यापाऱ्याकडून आधी उचल घ्यायची आणि ती फेडत राहायची. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हटलं आहे, त्यात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरीही आहेत.

कोळसा पाडणं हे कसबाचं काम आहे. लाकडं रचायची, त्यावर गवत-पाला आणि माती लिंपायची, आत पेटवायचं आणि हवा अगदी मोजकी द्यायची. हवा जास्त झाली तर सगळ्याची राख, कमी झाली तर लाकूड कच्चं. धुराचा रंग बघून आत काय चाललंय ते ओळखायचं. त्यासाठी दिवसरात्र राखण. एवढं करून साध्या मातीच्या भट्टीत शंभर किलो लाकडातून पंधरा-वीस किलो कोळसा हाती येतो. त्या कोळशावर शहरात इस्त्र्या तापल्या, शेगड्या पेटल्या, हॉटेलांच्या भट्ट्या चालल्या.

या कष्टांची खूण गावात कुठेच नाही. ना पुतळा, ना पाटी. पण डोंगरात आहे. जिथे वर्षानुवर्षं भट्टी लागली तिथली माती काळी पडते आणि भट्टी विझल्यावरही कितीतरी वर्षं काळीच राहते. कोळशाचे तुकडे त्यात सापडत राहतात. त्या जागेचा फोटो, आणि तिथे काम केलेल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली माहिती, हे दोन्ही मिळून इतिहास होतो. ती माणसं थकली की फक्त काळी माती उरेल आणि ती कशाने काळी झाली हे सांगणारं कुणी नसेल.

असं काम जगात झालेलं आहे. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून रूर भागातल्या कोळसा खाणींचे मनोरे, टाक्या, भट्ट्या यांचे हजारो फोटो काढले. ढगाळ उजेड, समोरून सरळ कोन, मध्ये फक्त वास्तू. तेव्हा या गोष्टींना कुणी वारसा मानत नव्हतं. डॉर्टमुंडच्या झोलर्न खाणीचं यंत्रघर पाडायचं ठरलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत हे दांपत्यही होतं. १९६९ मध्ये ते यंत्रघर संरक्षित झालं आणि आज त्या खाणीत संग्रहालय आहे.

मात्र माणसाचा फोटो आणि मनोऱ्याचा फोटो यात फरक आहे. भट्टीवर राबणाऱ्या बाईचा घामेजलेला चेहरा लाईक मिळवायला वापरायचा, ही नोंद होत नाही. आधी विचारायचं, काढलेला फोटो दाखवायचा, त्यांना चालेल तरच ठेवायचा. नाव द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. आणि परत जाताना एक छापील प्रत नेऊन द्यायची. अनेक घरांत आजी-आजोबांचा एकही फोटो नसतो.

मग नेमकं करायचं काय?

प्रत्येक वस्तूचे तीन फोटो. एक लांबून, ती कुठे आहे ते कळेल असा. एक पूर्ण वस्तूचा, शक्यतो समोरून. एक बारकाव्याचा. त्यातल्या एकात शेजारी पट्टी, पेन किंवा नाणं ठेवायचं, म्हणजे आकार कळतो. फिल्टर टाकायचा नाही. दगडाचा रंग हीसुद्धा माहिती आहे.

फोटोखाली तारीख, गाव, तालुका, जिल्हा लिहायचं. नुसतं पाली लिहून भागत नाही. राजस्थानात पाली नावाचा आख्खा जिल्हा आहे, रत्नागिरीजवळ एक पाली आहे आणि मुंबईत पाली हिल आहे. हॅशटॅगच्या गर्दीत ही सगळी एकमेकांत मिसळतात. ‘पाली, ता. सुधागड, जि. रायगड’ एवढं लिहिलं की फोटोला पत्ता मिळतो. माहिती कुणी सांगितली असेल तर ‘स्थानिकांच्या सांगण्यानुसार’ असं म्हणायचं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं ठेवलं, की पुढच्याची फसगत होत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होतो आणि त्यात दडलेली तारीख-ठिकाणाची माहितीही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल शाबूत राहते. मूळ फाईल किमान दोन ठिकाणी ठेवायची. सगळ्यांना वापरता यावा असं वाटत असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येतो. ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही वारसास्थळांच्या फोटोंची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, ती आता अनेक देशांत होते आणि भारतही तिच्यात भाग घेत आला आहे.

कायद्याची एक गोष्ट लक्षात ठेवायची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वास्तूचे आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांचे फोटो काढून प्रसिद्ध करता येतात. ही सवलत भिंतीवरच्या चित्रांना दिलेली नाही. शाळेच्या भिंतीवर कुणी हल्लीच सुंदर चित्र काढलं असेल, तर त्याचे हक्क चित्रकाराकडे असू शकतात. निदान त्याचं नाव तरी द्यावं, आणि तो फोटो विकायचा किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर परवानगी घ्यावी.

शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम घरातच आहे. आजोळ सुधागडात असेल, तर ट्रंकेतले जुने फोटो बाहेर काढायचे. लग्नाच्या फोटोत मागे जुना वाडा असतो, जत्रेच्या फोटोत देवळाचं जुनं रूप असतं. फोटोतली माणसं कोण आहेत ते घरातल्या मोठ्यांना विचारून मागे पेन्सिलीने लिहायचं. मग त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी टाकायचे.

पुढच्या वेळी पालीला गाडी थांबली, की देवळासमोरचा फोटो काढाच. पण घंटेवरच्या अक्षरांचा एक, वाटेत दिसलेल्या कोरीव दगडाचा एक, आणि त्याखाली दोन ओळी पत्त्याच्या. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात गाडी सुटत नाही.